पीएचडी होईस्तोवर साठी येईल का?

‘ताई, नमस्कार. मी रिटायर्ड सुभेदार, वय ५०, राहणार कामठी. १९ व्या वर्षी भरती झालो, ३० वर्षं सर्व्हिस करून मागच्या वर्षी घरी आलो. फौजेत असतानाच इग्नूमधून बीए केलं, मग इतिहासात एमए, ५७ टक्के. सध्या नागपुरात एका खासगी कॉलेजात सिक्युरिटी सुपरवायझर आहे. रोज गेटवर उभा राहून ‘डॉ.’ लिहिलेल्या पाट्यांच्या गाड्या आत सोडतो आणि वाटते की आपणही करू शकतो. कॉलेजातले एक सर म्हणतात ३ वर्षांत होऊन जाते, दुसरे म्हणतात १० लागतात. पुतण्या अमेरिकेत आहे, तो म्हणतो तिकडे फौजीला सरकार पीएचडीचे पैसे देते. मिसेस म्हणते पीएचडी होईस्तोवर साठी येईल, त्यापेक्षा दुकान टाका, ३० वर्षं बाहेर होते आता तरी घरी बसा. विषय ठरवला आहे, कामठी छावणीचा इतिहास, १८२१ पासून आजपर्यंत. ताई, मला भाषण नको, किती वर्षं लागतील तो एक आकडा सांगा.’

नमस्कार सुभेदार साहेब,

आकडा मागितलाय तर आधी आकडाच देते, नाहीतर म्हणाल हे सिव्हिलियन लोक सरळ उत्तर देतच नाहीत. नोकरी सांभाळून, पार्ट टाईम, इतिहासात, मराठीतून, असं सगळं धरून आजपासून मोजलं तर सात वर्षं. ॲडमिशनच्या तारखेपासून मोजलं तर साडेपाच ते सहा. म्हणजे सत्तावन्न. साठीच्या तीन वर्षं अलीकडे, मिसेसना तेवढं सांगून टाका. पण हा आकडा विषय बदलला तरच, आत्ता लिहिलाय त्या विषयाला मी आकडा देऊच शकत नाही, त्याच्यावर खाली येते.

तुमचे ते दोन्ही सर हवेत बोलून नाही राहिले बरं का, दोघांचेही आकडे नियमातलेच आहेत, फक्त अर्धे. यूजीसी म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोग, त्यांचा सध्याचा पीएचडीचा नियम नोव्हेंबर २०२२ चा. कमीत कमी ३ वर्षं, त्यात कोर्सवर्क म्हणजे सुरुवातीचे वर्गही आले. जास्तीत जास्त ६. सहात नाही झालं तर री-रजिस्ट्रेशन करून अजून २ वर्षं, आणि ८ ला गेट बंद. दहा वर्षं मिळतात ती महिलांना आणि ज्यांचं दिव्यांगत्व ४० टक्क्यांच्या वर आहे त्यांना, त्यांच्यासाठी २ वर्षं जास्तीची आहेत. तुमच्या पत्रात नाही, पण फौजेतल्या दुखापतीचं काही सर्टिफिकेट फाईलमध्ये पडलं असेल तर ॲडमिशनच्या वेळीच दाखवून विचारा की हे चालतं का, आठव्या वर्षी धावपळ करण्यात अर्थ नाही.

तीन वर्षांत कोण करतं? करतात बाप्पा, नाही असं नाही. फेलोशिप आहे, दुसरी नोकरी नाही, लॅब गाईडची आहे, विषय गाईडच्याच प्रोजेक्टमधला एक तुकडा आहे, वय पंचवीस आहे आणि डबा हॉस्टेलच्या मेसचा आहे, असं पोरगं साडेतीन-चार वर्षांत बाहेर पडतं. तुमच्यामाझ्यासारख्यांचा तो हिशोबच नाही.

माझं सांगते. मी ज्युनिअर कॉलेजात शिकवत होते तेव्हा रजिस्ट्रेशन केलं, कुठल्या विद्यापीठात ते जाऊ द्या, आणि डिग्री हातात आली सात वर्षं आणि काही महिन्यांनी. सगळे विचारतात इतकी वर्षं काय करत होतीस, तर मी नंतर एकदा डायऱ्या काढून बसले आणि हिशोब केला. प्रबंध लिहायला लागले चौदा महिने. वाचन आणि मटेरियल गोळा करणं, सुट्ट्या सुट्ट्या जोडून, अडीच वर्षं. बाकी सगळं म्हणजे वाट पाहणं. पहिले गाईड रिटायर झाले त्यात आठ महिने, विषयाच्या नावात एक शब्द बदलायला सांगितला आणि कमिटीची पुढची मीटिंग पाच महिन्यांनी, सासूबाईंचं आजारपण, दहावी-बारावीचे पेपर तपासणं, आणि थिसिस जमा केल्यावर बाहेरच्या एका परीक्षकाचा रिपोर्ट यायला जवळपास वर्ष. आताच्या नियमात जमा केल्यापासून सहा महिन्यांत सगळं आटपायला सांगितलंय, तोंडी परीक्षेसकट, तरी मी तुमच्या सात वर्षांत तिथे थोडी ढील ठेवली आहे, मला त्या सहा महिन्यांवर अजून तेवढा विश्वास नाही. अजून एक गंमत, मी अर्धा थिसिस कृतीदेव या जुन्या फॉन्टमध्ये टाईप केला होता आणि नंतर तो सगळा युनिकोडमध्ये करायला लागला, कन्व्हर्टरनं जोडाक्षरांचं असं भजं केलं की पूर्ण मे महिना, पंचेचाळीस डिग्रीत, कूलरसमोर बसून एकेक पान दुरुस्त केलं. तुम्ही पहिल्या दिवसापासून युनिकोडमध्येच टाईप करा, हा सल्ला फुकट.

आता तुमच्या वाटेवर काय काय आहे ते.

वयाची अट नाही, पन्नास काय आणि साठ काय. एमएला ५५ टक्के लागतात, तुमचे ५७ आहेत, बरं झालं, कारण ५ टक्के सूट एससी, एसटी, नॉन-क्रिमी लेयर ओबीसी, दिव्यांग आणि ईडब्ल्यूएस यांना आहे, त्या यादीत माजी सैनिक नाहीत. नोकरीत आपल्याला आरक्षण असतं म्हणून इथेही असेल असं पुष्कळ फौजी धरून चालतात. इग्नूची डिग्री चालते, यूजीसीनं डिस्टन्सची मान्यताप्राप्त डिग्री रेग्युलरच्या बरोबरीची धरली आहे, कुणी तोंड वाकडं केलं तर करू द्या.

इथे दुसऱ्या फौजी वाचकांसाठी एक थांबा घेते, कारण याच्यावर मला दर दोन-तीन महिन्यांत एखादं पत्र येतं. पंधरा वर्षं सर्व्हिस झाल्यावर मॅट्रिक झालेल्या जवानाला जे ग्रॅज्युएशनचं सर्टिफिकेट मिळतं ते ग्रुप सीच्या सरकारी नोकरीसाठी पदवीच्या जागी चालतं. ती डिग्री नाही. तिच्यावर एमए होत नाही आणि एमए नाही तर पीएचडीही नाही. सुभेदार साहेबांनी फौजेत असतानाच खरं बीए-एमए केलं म्हणून त्यांची निदान पाच वर्षं वाचली, ज्याच्याकडे फक्त ते सर्टिफिकेट आहे त्यानं माझ्या सातात ती पाच मिळवावीत आणि मग ठरवावं.

एन्ट्रन्स. विद्यापीठाची स्वतःची पीएचडी प्रवेश परीक्षा म्हणजे पेट, किंवा मग देशभराची नेट, त्या वर्षी कोणतं चालणार ते त्या वर्षीच्या नोटिफिकेशनमध्ये बघा, मागच्या वर्षी काय होतं ते मित्राला विचारून चालत नाही. माझं म्हणाल तर नेटची तयारी करा, ती केली की पेटची आपोआप होते. जून आणि डिसेंबर अशी वर्षातून दोनदा असते, दोन पेपर मिळून १५० प्रश्न, ३०० मार्क, तीन तास, निगेटिव्ह मार्किंग नाही. २०२४ पासून तिच्यात ‘फक्त पीएचडीसाठी पात्र’ अशीपण एक कॅटेगरी आहे, तो स्कोअर एक वर्ष चालतो आणि ॲडमिशनला त्याचं वजन ७० टक्के, इंटरव्ह्यूचं ३०. जेआरएफ म्हणजे महिन्याला ३७ हजारवाली फेलोशिप तुम्हाला नाही मिळणार, तिला तीस वर्षांची अट आहे. फौजेतल्यांना सर्व्हिसच्या हिशोबानं जास्तीत जास्त ५ वर्षं सूट आहे, म्हणजे पस्तीस. तुमचा कुणी ज्युनिअर पंधरा-सोळा वर्षांत सुटून येत असेल आणि वय चौतीस असेल तर त्याला आजच फोन करून हे सांगा, त्याच्या हातात एखादाच चान्स असतो आणि बहुतेकांना तो गेल्यावर कळतं. महाज्योतीचं ऑफिस तर आपल्या नागपुरातच आहे, बार्टी आणि सारथीच्याही फेलोशिप असतात, ज्याच्या त्याच्या समाजाप्रमाणे, पण जाहिरातीत वयाची आणि नोकरीची ओळ आधी वाचा आणि मगच झेरॉक्सवर पैसे घालवा.

मग गाईड. यात लोक फसतात. पाया पडायच्या आधी त्यांची जन्मतारीख काढा. हसू नका, खरंच सांगतेय. ज्यांच्या रिटायरमेंटला तीन वर्षांपेक्षा कमी राहिलीत त्यांना नवीन विद्यार्थी घेता येत नाही, आणि ज्यांना साडेतीन राहिलीत ते घेतील पण तुम्ही पार्ट टाईमवाले, मध्येच अडकाल. शिवाय जागा मोजून असतात, प्रोफेसरला ८ विद्यार्थी, असोसिएटला ६, असिस्टंटला ४. मोठ्या नावाच्या मागे लागू नका, चाळिशीतला एखादा असिस्टंट किंवा असोसिएट प्रोफेसर बघा जो फोन उचलतो. तुमच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान असेल आणि तो तुमच्या चॅप्टरवर लाल पेन मारेल. फौजेत नवीन लेफ्टनंट साहेब तुमच्या पोराच्या वयाचे असायचे आणि तुम्ही सॅल्यूट करायचेच ना, तसंच.

आता विषय, ज्याच्यासाठी मी हे पत्र निवडलं.

‘कामठी छावणीचा इतिहास, १८२१ ते आजपर्यंत.’ साहेब, हा विषय नाही, ही जन्मठेप आहे. दोनशे वर्षं! नुसतं सुरुवातीचं बघा. १८१७ ला सीताबर्डीची लढाई, भोसले हरले, मग इंग्रजांनी कन्हानच्या काठी छावणी टाकली, १८५३ च्या डिसेंबरात तिसरे रघुजी वारले, वारस नाही म्हणून डलहौसीनं १८५४ मध्ये राज्यच खालसा केलं. या तेवढ्या तीस-पस्तीस वर्षांसाठी भोसल्यांकडचे कागद मोडीत, इंग्रजांचे कागद त्या काळच्या हस्ताक्षरातल्या इंग्रजीत, आणि त्यातलेही काही इथल्या पुराभिलेखागारात, काही दिल्लीला, काही लंडनला ब्रिटिश लायब्ररीत. मोडी शिका, वर्ष गेलं. दिल्लीच्या चकरा, अजून एक वर्ष. आणि अजून आपण १८५७ ला पोचलोच नाही! पुढे दोन महायुद्धं, मग स्वातंत्र्य, मग गार्ड्सचं रेजिमेंटल सेंटर, आणि अलीकडचं म्हणाल तर ते कागद तुम्हाला कोण देणार. संरक्षण मंत्रालयानं २०२१ मध्ये धोरण आणलं की साधारण २५ वर्षांनी रेकॉर्ड खुले करायचे, पण धोरण आलं म्हणजे फाईल टेबलावर आली असं नसतं, हे तुमच्याइतकं कुणाला माहीत असेल. आणि आपण फौजी म्हणून आपल्याला आत सोडतील असंही मनात धरू नका, गेटच्या आत गेलात तरी कागद बाहेर नेता येत नाही आणि प्रबंध तर पुढे शोधगंगा या वेबसाईटवर जातो, सगळ्या जगानं वाचायला.

किती वर्षं लागतील हे वयापेक्षा विषयाच्या रुंदीवर ठरतं, माझ्या पाहण्यातले जे जे अडकले ते बहुतेक याच्यावरच अडकले. ‘विदर्भातील’ आणि ‘आजपर्यंत’ हे दोन शब्द नावात असले की मी लगेच तीन वर्षं वाढवून टाकते.

मग काय करायचं? मला सुचतंय ते सांगते, पटलं तर घ्या. तुमच्याकडे एक गोष्ट आहे जी त्या ‘डॉ.’ पाटीवाल्यांपैकी एकाकडेही नाही. तुम्ही ईसीएचएसच्या, म्हणजे माजी सैनिकांच्या दवाखान्याच्या लाईनीत बसता. सीएसडीच्या म्हणजे फौजी कॅन्टीनच्या लाईनीत उभे राहता. तिथे तुमच्या शेजारी जो म्हातारा थैली घेऊन बसलेला असतो तो १९७१ ला शिपाई होता. एखादा १९६५ चापण असेल. ते इकडे कामठी-नागपूरमध्ये रिटायर होऊन आले, मग त्यांनी काय केलं, जमीन घेतली का, कुठे वॉचमन झाले, ऑर्डनन्स फॅक्टरीत लागले का, पेन्शनवर पोरांची शिक्षणं कशी झाली, गावानं त्यांना कसं वागवलं, बायकांनी ती वर्षं कशी काढली, हे कुठल्या फाईलमध्ये नाही. मी गेले तर मला ते ‘हो मॅडम, ठीक होतं मॅडम’ एवढंच सांगतील. तुम्ही गेलात तर दुपारचे चार वाजतील आणि मग त्यांची सून चहा घेऊन येईल आणि ते तरी बोलतच असतील. ‘कामठी परिसरात स्थायिक झालेले १९६५ आणि १९७१ चे सैनिक, १९७५ ते २०००’ असं काहीतरी, शब्द गाईडबरोबर ठरवा, पण माणसं मोजता येतील एवढं लहान ठेवा. चाळीस मुलाखती पुरे.

आणि आता घड्याळाचं बोलू, कारण तुम्ही घड्याळाचंच विचारलंय. १९७१ ला जो वीस वर्षांचा होता तो आज पंच्याहत्तरीच्या आसपास आहे, १९६५ वाले ऐंशीच्या पुढे. तुम्ही पत्रभर तुमचं वय लिहिलंय, मला तर त्यांच्या वयाची चिंता वाटून राहिली. सत्तावन्नला तुम्ही ठणठणीत असाल. ते नसतील. म्हणून ॲडमिशन, गाईड, कमिटी यातलं काहीही व्हायची वाट न बघता, पुढच्या रविवारपासून मोबाईलवर रेकॉर्डिंग सुरू करा. आधी कागदावर त्यांची परवानगी घ्या, सही आणि तारीख, नाव छापायचं की नाही तेपण विचारून लिहा, लढाईतलं जे सांगायचं नाही ते सांगू नका म्हणावं, तुम्हाला काय चालतं काय नाही ते चांगलं कळतं. डिस्चार्ज बुक दाखवलं तर फोटो घ्या. समजा पुढे विद्यापीठानं विषय थोडा बदलायला लावला तरी हे वाया जात नाही, आणि समजा पीएचडी झालीच नाही तरी त्यांच्या नातवंडांना आवाज राहील.

शिवाय तुमची दोन वर्षांची मटेरियल गोळा करायची मुदत अर्ध्यावर येते, ते वेगळंच.

पुतण्याचं. तोपण अर्धं बरोबर सांगतोय. अमेरिकेत २००१ नंतर सर्व्हिस केलेल्या सैनिकांसाठी जी योजना आहे, जीआय बिल म्हणतात तिला, तिच्यात फी आणि राहण्याचा खर्च मिळतो आणि पीएचडीसुद्धा त्यात बसते. पण मिळतं ते एकूण ३६ महिने. आणि तिकडे पीएचडी सुरू केल्यापासून संपेपर्यंत सहाच्या आसपास वर्षं जातात, इतिहासासारख्या विषयात त्याहून जास्त. पुष्कळांचे तर ते ३६ महिने बीए करण्यातच संपलेले असतात. म्हणजे तिकडचा फौजीपण शेवटची वर्षं कुठेतरी शिकवून, टीए म्हणजे प्राध्यापकाचा मदतनीस होऊनच काढतो. आपल्याकडे माजी सैनिकाला स्वतःच्या पीएचडीसाठी अशी योजना नाही, पंतप्रधान स्कॉलरशिप आहे ती माजी सैनिकांच्या मुलांसाठी आणि विधवांसाठी, तीपण प्रोफेशनल कोर्सला. डीजीआर म्हणजे फौजेचं पुनर्वसन खातं, त्यांचे कोर्स नोकरीसाठीचे. तुमची फेलोशिप म्हणजे तुमची पेन्शन, आणि खरं सांगू का, पंचवीस वर्षांच्या पोरांपेक्षा तुम्ही इथे पुढे आहात, त्यांना फेलोशिप वेळेवर येत नाही म्हणून आंदोलनं करावी लागतात, तुमची एक तारखेला जमा होते.

नोकरीवरून एनओसी लागेल. पार्ट टाईमवाल्याला मालकाकडून लिहून आणायचं असतं की याला अभ्यासाला वेळ मिळेल आणि कोर्सवर्कला गरज पडली तर सोडू. कोर्सवर्क कमीत कमी १२ क्रेडिटचं असतं, त्यात रिसर्च मेथडॉलॉजी येते, ५५ टक्के मिळवावे लागतात, साधारण एक सेमिस्टर गेलं समजा. तुमची ड्युटी बारा तासांची आहे की आठ ते लिहिलं नाही. बारा असेल तर आधी ती बदला. एजन्सीचा माणूस तोंडी ‘हो हो’ म्हणतो आणि ऐन वेळी म्हणतो माणूस नाही, तर लेखी घ्या.

फौजी माणसाला शिस्त असते म्हणून पीएचडी लवकर होते असं सगळे म्हणतात. मी तीन फौजी पाहिले पीएचडी करताना, दोघांची झाली आणि एकाची राहून गेली, आणि ज्याची राहिली तो तिघांत सगळ्यात शिस्तीचा होता. पाचला उठायचा, बूट चकचकीत, फाईलला फ्लॅग लावलेले. त्याचं काय झालं तर त्याला कुणी ऑर्डरच दिली नाही. गाईड म्हणायचे ‘बघा तुम्हाला काय वाटतं’, आणि तो वाट बघायचा की साहेब नक्की काय ते सांगतील. साहेब सांगत नसतात. सहा महिन्यांतून एकदा कमिटीसमोर प्रेझेंटेशन द्यायचं असतं, मधल्या काळात रोल कॉल नाही, मूव्हमेंट ऑर्डर नाही, कुणी विचारत नाही की तुम्ही जिवंत आहात का. त्याला ती शांतता सोसली नाही, तीन वर्षं तो अजून एक पुस्तक, अजून एक पुस्तक करत राहिला. तुम्ही आठवड्याचे दहा तास ठरवा, वर्षाचे पाचशे होतात, आणि दर महिन्याच्या शेवटी गाईडला दोन पानं मेल करा, त्यांनी वाचली नाहीत तरी. खराब लिहिलेली दोन पानं. चांगली नंतर होतात.

आणि कशासाठी करताय हे मी विचारणार नव्हते पण पाटीचं तुम्ही स्वतः लिहिलंय म्हणून. प्राध्यापक व्हायला करत असाल तर नका करू. सत्तावन्नला डिग्री येईल, साठीला कॉलेजातला माणूस रिटायर होतो, आणि आज पीएचडी, नेट, सेट सगळं असलेली चाळिशीची माणसं तासिका तत्त्वावर या कॉलेजातून त्या कॉलेजात स्कूटरवर धावतायत. नावाच्या आधी ‘डॉ.’ पाहिजे म्हणून करत असाल तर माझी काही हरकत नाही, खरंच नाही, तीस वर्षं नावाच्या आधी नंबर होता. फक्त या हौसेपायी फसू नका. ग्रॅच्युइटी हातात आलेला रिटायर्ड माणूस हेरणारे लोक आहेत, ‘घरबसल्या ६ महिन्यांत डॉक्टरेट’, हॉटेलच्या हॉलमध्ये गाऊन घालून फोटो. पीएचडी ऑनलाईन किंवा डिस्टन्सनं करायला यूजीसीची परवानगीच नाही, कुणी म्हणालं आहे तर तिथेच फोन ठेवा.

वर्षांचंच म्हणाल तर एक गोष्ट आठवली, तुम्ही सुभेदार आहात म्हणून. सुभेदार रामजी सकपाळांचा मुलगा १९१३ मध्ये कोलंबियाला गेला. प्रबंधाचं काम तीन-चार वर्षांत करून तो परतला, स्कॉलरशिप संपली होती. पण कोलंबियाचा त्या वेळचा नियम असा की प्रबंध छापून प्रती जमा केल्यावरच डिग्री. मधे बडोद्याची नोकरी, सिडनहॅममध्ये शिकवणं, परत लंडन, तिथली डीएस्सी १९२३ ला, बॅरिस्टरी, बहिष्कृत हितकारिणी सभा, महाडचा सत्याग्रह. कोलंबियाची पीएचडी रीतसर मिळाली १९२७ ला. गेल्यापासून चौदा वर्षं. दीक्षाभूमीवरून रोज जाता-येता तुम्ही, तुमच्या कॉलेजातल्या त्या तीन वर्षंवाल्या सरांना हे ऐकवा.

आता मिसेस. तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात जड वाटलेलं वाक्य तुम्ही घाईघाईत लिहून पुढे गेलात, ‘३० वर्षं बाहेर होते आता तरी घरी बसा’. साठीचं त्यांनी बोलायला म्हणून म्हटलं असेल, दुकानाचंपण. त्यांनी पोरांच्या ॲडमिशन, सासू-सासऱ्यांचं दवाखाना, घराचं बांधकाम, सगळं एकटीनं केलं असणार, वर्षाचे दोन महिने तुम्ही सुट्टीवर यायचे आणि सगळं गोड गोड करून जायचे. आता तुम्ही आलात तर म्हणता सात वर्षं रविवारी मी लायब्ररीत. त्यांना ते अजून एक पोस्टिंग वाटत असेल, फील्ड पोस्टिंग, फॅमिली क्वार्टर नसलेलं. मी चुकत असेन, मी काही त्यांना भेटले नाही. पण विचारा. आणि मी वर ज्या मुलाखती म्हटल्या त्यातल्या अर्ध्या त्या म्हाताऱ्यांच्या बायकांच्या आहेत, ‘बायकांनी ती वर्षं कशी काढली’, आणि तिथे तुम्ही एकटे गेलात तर त्या पदर सावरून आत निघून जातील. तुमच्या मिसेस शेजारी बसल्या तर बोलतील. त्यांना प्रश्न काय विचारायचे तेपण त्यांनाच तुमच्यापेक्षा जास्त माहीत असणार. पहिली मुलाखत त्यांचीच घ्या वाटल्यास, रेकॉर्डर लावून, आणि मधे बोलू नका.

पुढच्या रविवारी ज्या कुणाकडे जाल त्यांचं वय, युनिट नको, फक्त कोणत्या वर्षी घरी आले आणि पहिलं काम काय केलं, एवढं एका पानावर लिहून मला पाठवा. खराब लिहिलेलं चालेल.

तुमची,
ताई